पाटोबाच्या सात रेघा

हौसाआत्तीमुळे मी शिकलो. निवृत्तीच्या दिवशी हे वाक्य मी चारचौघांत बोललो, तेव्हा ऐकणाऱ्यांना वाटलं की आत्तीनं माझ्यासाठी दागिने मोडले असतील. पण तिच्याकडे मोडायला काही नव्हतंच. ती माझ्या वडिलांची थोरली बहीण. नांदायला गेली आणि वर्षाच्या आत एका लुगड्यानिशी परत आली. का आली, हे आमच्या घरात कधी कुणी तिला विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. घड्याळ कळत नव्हतं. आणि तरी माझ्या घरात पहिली पदवी आली ती तिनं एका शनिवारी दुपारी मला विचारलेल्या एका प्रश्नामुळे. तो प्रश्न फक्त तीन शब्दांचा होता : "खुरपं कुठं हाय?"

आमचं गाव हातकणंगल्याच्या पुढे, रेल्वे स्टेशनापासून सायकलनं पाऊण तासावर. गावाच्या अंगाला संस्थानच्या काळातला कालवा. आम्ही त्याला पाटच म्हणायचो. पाटाला एके ठिकाणी काळ्या दगडाचा धक्का बांधलेला. एका वेळी एक नाव लागेल एवढा. चौदा पायऱ्या, कडेला लोखंडी कड्या. मोटाररस्ता होण्याआधी गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, इथून नावेत चढायचे आणि नदीपर्यंत जायचे, असं म्हातारी माणसं सांगायची. मी जन्मलो तोवर नावा गेल्या होत्या आणि कड्यांना म्हशी बांधल्या जायच्या. आजोबा त्या पाटावर पाटकरी होते, म्हणजे कुणाच्या रानाला कधी पाणी सोडायचं ते बघणारे. ते गेले, ती नोकरीही घरातून गेली, पण एक मान तेवढा आमच्याकडे राहिला. धक्क्याच्या तळाशी, कोपऱ्यात, छातीएवढ्या उंचीचा एक दगड उभा होता. तो पाटोबा. पाट बंद असला की तो पूर्ण उघडा पडायचा, आणि पाणी सुटायच्या आदल्या दिवशी पाटकऱ्याच्या घरच्या बाईनं त्याला तेल-शेंदूर लावायचा, दहीभाताचा निवद दाखवायचा. ते काम आत्तीचं. शेंदूर ती हातानंच लावायची, खालून वर, म्हैस धुतात तशी रगडून. त्या दिवशी तिच्या हातची भाकरीसुद्धा कडेला लालसर दिसायची आणि आई म्हणायची, "पाटोबाच जेवाय घातला की वन्सं आज."

घर दोन खोल्यांचं. पाणी सुटलं की अंथरुणावर पडल्या पडल्या पाटाचा आवाज यायचा. कुणी तरी लांबवर ज्वारी पाखडतंय असा. वडील, ज्यांना आम्ही आबा म्हणायचो, शिरोलीच्या फौंड्रीत ओतकामाला होते. संध्याकाळी ते आले की आधी घरामागच्या परड्यात बसून कानातली काळी रेती काढायचे. मग हुलग्याचं माडगं, भाकरी आणि खर्डा. जेवताना ते बोलत नसत. मी लहानपणी फार भित्रा होतो. वीज कडाडली, कुत्रं रडलं, की मी उठून बसायचो. आत्ती कूस न बदलता, पाटाचा आवाज ऐकून म्हणायची, "निज रं सदू. पाणी तिसऱ्या रेघंला हाय." मला त्या वाक्याचा अर्थ माहीत नव्हता, पण तिसऱ्या रेघेला पाणी असताना काही वाईट होत नाही एवढं कळायचं. एकदा मी विचारलं, कसली रेघ? तर ती म्हणाली, "पाटोबाला रेघा हैत की, शेंदराखाली." तेवढंच. पुढे मी विचारलं नाही. हे न विचारणं मला पुढे किती महागात पडलं, ते सांगण्यासाठीच हे प्रकरण.

मी कोल्हापूरला कॉलेजात जाऊ लागलो. सकाळी सायकल, मग पॅसेंजर. आबांनी एक वर्षाची मुदत दिली होती. "वरीसभर बघ. न्हाय जमलं तर चल माझ्यासंगं. साच्यात लोखंड ओतायला बीए लागत न्हाय." ते रागानं बोलत नव्हते. रोजच्या जाण्यायेण्यात माझा जीव जातोय हे त्यांना दिसत होतं, आणि मी दोनदा वर्गात झोपलो होतो. सुटका एकच होती. कॉलेजशेजारी एक मोफत वसतिगृह होतं आणि त्यात दर वर्षी आमच्या वर्गातला एक मुलगा शिक्षकांच्या शिफारशीनं घेतला जायचा. शिफारस करणार होते इतिहासाचे मगदूम सर. ते शिरोळ भागातले जैन, शेतकऱ्याच्या घरचे, पांढरा सदरा, आवाज कधी चढायचा नाही. त्यांनी निबंध दिला : गावातली एक जुनी वास्तू. अट एकच. "ऐकीव लिहू नका. डोळ्यानं बघा, हातानं मोजा, मग लिहा."

मी धक्क्यावर लिहिलं. पायऱ्या मोजल्या, कड्या मोजल्या, नाडा लावून लांबी घेतली. ते सगळं खरं होतं. पण वाचून पाहिलं तर निबंध कोरडा वाटला. मग मी पाटोबा घातला. लिहिलं की हा खरा तर पाणी मोजण्याचा दगड आहे, लोक अज्ञानानं त्याला देव समजतात, आणि त्यावर नऊ रेघा कोरलेल्या आहेत, 'ज्या मी स्वतः बोटानं मोजल्या.' नऊ का? मला आजही नीट सांगता येत नाही. नऊ हा आकडा भारदस्त वाटला. शेंदराचा थर तेव्हा चार बोटं जाड होता. त्याखाली रेघ आहे की नाही हेच मला ठाऊक नव्हतं.

सरांनी निबंध वर्गात वाचून दाखवला. नऊ रेघांचा परिच्छेद दोनदा वाचला. मग मला बाहेर बोलावून म्हणाले, "रविवारी येतो मी. वसतिगृहाच्या समितीचे दोघे जण पण येतील. तो दगड बघायचाय." मी हो म्हणालो. पुढचे सहा दिवस पॅसेंजरच्या खिडकीतून उसाच्या सऱ्या मागे पळायच्या आणि मी त्या नऊनऊनं मोजायचो. भाकरी उतरेना. आई म्हणाली, दृष्ट लागली, आणि मीठ-मोहऱ्या उतरल्या. माझी भीती साधी होती. शेंदूर आहे म्हणून रेघा दिसत नाहीत, असं सांगितलं तर सर विचारणार, मग तू मोजल्यास कशा?

शनिवारी दुपारी गाव रानात होतं. पाट बंद होता, तळाला घोटाभर पाणी. मी भिंतीत खोचलेलं खुरपं काढलं आणि धक्क्यावर गेलो. माझा बेत लहान होता. कडेच्या बाजूनं, कुणाला दिसणार नाही अशी, वरपासून खालपर्यंत दोन बोटं रुंदीची पट्टी खरवडायची, रेघा मोजायच्या, परत थोडा शेंदूर थापायचा. मी हात जोडले. मग खुरप्याचं टोक कडेला लावून दाबलं. आतून पापड मोडल्यासारखा आवाज आला. आणि काही समजायच्या आत पुढचा अख्खा थर, माझ्या छातीएवढा, एका तुकड्यात सुटला आणि पायरीवर उताणा पडला.

समोर काळा, ओलसर दगड होता, आणि त्यावर आडव्या, खोल, सरळ रेघा. मी मोजल्या. सात. परत मोजल्या. खाली वाकून, मातीत आणखी दोन पुरलेल्या असतील म्हणून हातानं चिखल उकरला. नव्हत्या. पडलेल्या थराची आतली बाजू वर आली होती आणि तिच्यावरही सात रेघा उठल्या होत्या, फुगीर, गुळाच्या रव्यावर साच्याची घडी उमटते तशा. तेवढ्यात वर खोकल्याचा आवाज आला. मी खुरपं पाटात टाकलं. बापू गुरव म्हशीला घेऊन उतरत होता. त्यानं आधी मला बघितलं, मग दगडाला, मग थराला. मी तोंड उघडलं. पण त्याचं आधी उघडलं.

"आरं पळा की! पाटोबानं खोळ टाकली! आरं या रं या!"

शेंदराचे देव कधी कधी आपोआप असा थर टाकतात. त्याला खोळ टाकणं म्हणतात आणि तो मोठा शुभशकुन मानतात. खोळ मग वाजतगाजत नदीला सोडायची असते. अर्ध्या तासात धक्क्यावर पाऊल ठेवायला जागा राहिली नाही. बायका तांबे घेऊन आल्या, हलगी आली, नारळ आले. बापू प्रत्येकाला नव्यानं सांगत होता. "मी आलो आनि माझ्या डोळ्याम्होरं सुटली! ह्यो सदू हाय की साक्षीला. इचारा!" सगळे माझ्याकडे वळायचे. मी मान हलवायचो. होकारार्थी की नकारार्थी हे मला कळत नव्हतं, त्यांना मात्र होकारच दिसायचा. कुणी तरी म्हणालं, "हौसाक्का इतकी वर्सं थापतीय, देव बी दमला आसंल की वज्ज्यानं," आणि सगळे हसले. ठरलं की उद्या सकाळी ट्रॅक्टरमधून खोळ वाडीला न्यायची, नृसिंहवाडीच्या संगमात सोडायची. उद्या सकाळी, म्हणजे सर यायच्याच वेळी.

घरी आलो तर आत्ती दारात बसली होती. ती धक्क्यावर येऊन, हात जोडून, सगळ्यांच्या आधी परत आली होती. तिनं भिंतीतल्या मोकळ्या फटीकडे बोट केलं.

"खुरपं कुठं हाय?"

मी पाटाच्या दिशेनं बघितलं.

"खोळंच्या कडंला सरळ चीर हाय. देव टाकतो तवा वाकडी जातीया."

मग मी रडलो आणि सगळं सांगितलं. निबंध, नऊ रेघा, वसतिगृह, सर. मला वाटलं ती देवाला हात लावल्याबद्दल बोलेल. तिनं खोळीला हात लावताना लागलेला लाल रंग पदराला पुसला. म्हणाली, "शेंदूर किती वर्सं झाली म्हायती हाय? बा मेला तवापास्नं. त्याच्या आदी नुसतं तेल लावायचं, दगड उघडा हुता. मी पोरगी हुते, बा मला रेघा शिकवायचा. सात हैत. डोळं झाकून बोट लावून दाखवू?" आणि मग, ज्याला मी इतका घाबरलो होतो त्याहून वाईट असं ती बोलली. "मला का इचारलं न्हाईस रं?"

याचं उत्तर मला माहीत होतं आणि तिलाही. जिला घड्याळ कळत नाही, तिला आकडा काय विचारायचा, असं मला वाटलं होतं. निबंधात जे लोक 'अज्ञानानं' दगडाला देव समजत होते त्यांत मी तिलाच धरलं होतं. आजही तो शब्द कुठे छापलेला दिसला की मी पान उलटतो.

"आबाला सांगू नको," मी म्हणालो.

"गावाला मी काय सांगत न्हाय. खोळ देवानं टाकली का तू काडलीस, ते माझं आनि त्याचं, आमी बगू. पर त्या मास्तरला नऊ सांगितलंस, ते तुझं तू सांग. माझ्याम्होरं."

"शिफारस जाईल, आत्ती. मग फौंड्री."

"मग फौंड्री," ती म्हणाली आणि भाकरीला बसली.

रविवारी सर आणि ते दोघे एसटीतून उतरले तेव्हा हलगी वाजत होती, ट्रॅक्टर सजवला होता. बापू पुढे धावला. "या पावणं, या! बरोबर टायमाला आलासा. देवानंच बलवलं म्हना की!" तो त्यांना हाताला धरून पायऱ्या उतरवून घेऊन गेला. सर दगडापुढे बसले. बोट लावून खालून वर गेले. मी त्यांच्या मागे उभा होतो. आत्ती दोन पायऱ्या वर, पदर डोक्यावर घेऊन उभी. सर मागे न बघता म्हणाले, "सदाशिव, सात आहेत."

आता वाटतं, त्या क्षणी पळवाटा होत्या. दोन झिजल्या असतील, दोन मातीत असतील, मी चुकून मोजल्या असतील. तिन्ही माझ्या जिभेवर आल्या. मी वर बघितलं. आत्ती माझ्याकडे बघत नव्हती. ती पाटाच्या तळाकडे बघत होती, जिथे कुठे तरी तिचं खुरपं होतं.

"सर, मी मोजल्याच नव्हत्या," मी म्हणालो. "बघितल्या पण नव्हत्या."

समितीतले एक जण म्हणाले, "मग लिहिलंस कशाला? आणि 'स्वतः बोटानं' असं?" दुसऱ्यांनी घड्याळात बघितलं, परतीची एसटी कधी आहे ते विचारलं. सर मात्र बसूनच राहिले. हलगी इतक्या जोरात वाजत होती की त्यांना पुन्हा विचारावं लागलं. "रेघा आहेत हे तरी कुणाकडून कळलं?"

मी आत्तीकडे हात केला. ती खाली आली. आधी लाजली, मग दगडाजवळ बसल्यावर लाजायची विसरली. तळापासून एकेका रेघेवर बोट ठेवत बोलू लागली. "ही पयली. जनावरं पित्यात. ही दुसरी, घागर बुडती. तिसरीला पाणी रानात चडतंय, मग मानूस निवांत. चवथीला रिकामी नाव तरंगती. पाचवीला भरल्याली. सहावीला नाव सोडायची न्हाय, कडीला बांदून ठेवायची. सातवीला समदं टाकून आदी काठावरच्या मानसास्नी हाका मारायच्या. बा एकदा मारत गेलता, वाडीपतूर." सरांनी खिशातून वही काढली आणि लिहून घेतलं. मध्येच त्यांनी तिला "थांबा आक्का, चौथीचं परत सांगा" असं म्हटलं, आणि तिनं परत सांगितलं. माझ्या नात्यातल्या कुणाचं बोलणं कुणी शिकलेल्या माणसानं लिहून घेतलेलं मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

जाताना सर एवढंच म्हणाले, "निबंध परत लिही. या वेळी यांना विचारून." वसतिगृहाचं नावही काढलं नाही. ट्रॅक्टर वाडीला गेला, सर एसटीनं गेले.

मी निबंध परत लिहिला. रोज संध्याकाळी आत्तीसमोर बसायचो आणि ती सांगायची. 'अज्ञानानं' काढून टाकलं. मग तीन आठवडे सरांकडून काही नाही. आबांनी फौंड्रीत माझ्यासाठी शब्द टाकला. आत्ती सायकलपाशी येऊन विचारायची, "आज कितवी रेघ?" मी म्हणायचो, "पाचवी." मग "सहावी." ज्या दिवशी आबा म्हणाले की सोमवारपासून ये म्हणालेत, त्या दिवशी मी "सातवी" म्हणालो. तिनं सायकलची चेन तपासली आणि म्हणाली, "मग हाक मार की. जा, मास्तरला हाक मार." मी गेलो. सर ग्रंथालयात होते. त्यांनी मला बघितलं आणि टेबलावरचा कागद पुढे सरकवला. शिफारस दोन दिवसांपूर्वीच लिहिलेली होती. खाली कारण होतं : 'चूक स्वतः सांगतो आणि दुरुस्त करतो.' ते कारण वाचताना मला आनंद झाला नाही, भीतीच वाटली. कारण अर्धीच चूक मी सांगितली होती. खुरप्याचं सरांना माहीत नव्हतं.

गावात आजही त्या तिथीला पाटोबाचा उत्सव होतो. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर वर्षी फोटो येतात. खोळ आपोआप सुटली तेव्हा हजर असलेला एकमेव हयात साक्षीदार म्हणून माझा उल्लेख असतो, आणि मी खाली हात जोडल्याचं चित्र टाकतो. यंदा ते टाकताना बोट अडखळलं, म्हणून हे लिहायला घेतलं. गाव रागावेल की हसेल, मला अंदाज नाही.

आत्ती गेल्यावर तिच्या पत्र्याच्या पेटीत मी वसतिगृहातून पाठवलेलं पहिलं पत्र सापडलं. माझी पत्रं तिला दुकानदाराची मुलगी वाचून दाखवायची, त्यामुळे सगळं उघड लिहिता येत नव्हतं. कागद मागच्या बाजूनं लाल झालाय, शेंदराची बोटं फिरून फिरून. ते पत्र असं :

ती. हौसाआत्तीस सदूचा शिरसाष्टांग नमस्कार.

मी इथे सुखरूप आहे. खोलीत चौघे आहोत. आमटी पातळ असते, पण भात पोटभर मिळतो. खर्डा संपला. पहिल्या रात्री झोप लागली नाही, कारण इथे पाटाचा आवाज येत नाही.

मगदूम सरांनी तुझी आठवण काढली. तू सांगितलेलं त्यांनी वर्गात वाचून दाखवलं आणि फळ्यावर तुझं पूर्ण नाव लिहिलं. मी ते बघत बसलो आणि पुढचं लिहून घ्यायचं राहिलं.

आबांना सांग, मी वर्गात झोपत नाही. आईला सांग, दृष्ट उतरली.

तुझं खुरपं हरवलं, ते माझ्या ध्यानात आहे. दिवाळीला नवीन आणतो. सरांना एक गोष्ट सांगायची राहिली आहे, ती तुला ठाऊक आहे. सांगेन. अजून धीर होत नाही.

जाताना तू विचारलं होतंस, कितवी म्हणून. मला बोलता आलं नाही. ते खाली काढलं आहे. वाचणारीला वाचायला लावू नकोस. पेन जोरात दाबून काढलंय, कागद उलटा कर आणि बोट लाव. जितक्या लागतील तितक्या.

तुझा,
सदू

―――
―――
―――